फटी आधी, माणसं नंतर: मुंबईची गर्दी रंगवायची कशी

गर्दीचं चित्र काढायला बसलेले बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. पहिला माणूस मन लावून काढतात, दुसराही काढतात, सातव्या-आठव्याला कंटाळतात आणि मग मागे ठिपके मारून मोकळे होतात. चित्रात माणसं भरपूर, पण गर्दीचा पत्ता नाही. पन्नास सुटी माणसं शेजारी शेजारी उभी केली की नुसती हजेरी लागते. अंगावर येणारी गर्दी जाणवते ती माणसांमधली जागा संपत आली की. म्हणून मी शिकवताना फटींपासून सुरुवात करते. दोन खांद्यांमधून दिसणारा उजेडाचा तुकडा, काखेखालून दिसणारी पिशवी, पायांच्या जंगलातून दिसणारी ओली फरशी. हे तुकडे किती मोठे, कुठे आणि कोणत्या आकाराचे, यावर पुढचं सगळं ठरतं.

रस्त्यावरची दाटी आणि मनावरचा ताण एकाच चित्रात आणण्याचा खटाटोप जुना आहे. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकने १८९२ मध्ये ओस्लोच्या (तेव्हाच्या ख्रिस्तियानियाच्या) मुख्य रस्त्यावरची संध्याकाळ रंगवली. उंच हॅटवाल्यांचा घोळका फिकट, मुखवट्यासारखे चेहरे घेऊन थेट अंगावर येतो आणि एकच काळी आकृती पाठमोरी, उलट दिशेने चालली आहे. जर्मन चित्रकार किर्शनरने १९१३ ते १९१५ या काळात बर्लिनचे रस्ते रंगवले. त्यात माणसं ताणून उंच केलेली, कोपरे टोकदार, फरशी तिरकी उचललेली. आपल्याकडे सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत मुंबई-ठाण्याची माणसं रंगवत राहिले. ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७ चं, ‘लोअर परळ’ २००१ चं. ही चित्रं पाहताना माणसं मोजू नका, माणसांच्या मधे काय रंगवलंय ते बघा. किर्शनरच्या फटी सुरीसारख्या धारदार आहेत. त्या तशा नसत्या तर त्याची माणसं फॅशनच्या मासिकातली वाटली असती.

सामान

रस्त्यावरचं सामान आणि घरचं सामान वेगळं ठेवा. रस्त्यावर हातात मावेल एवढी ए-फाइव्ह वही, एक काळं जेल पेन आणि एक करड्या शाईचा ब्रश पेन. बस्स. फुलबाजारात रंगपेटी उघडून बसणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत हमालाचा धक्का लागतो आणि त्यात हमालाचा काहीच दोष नसतो.

घरी अ‍ॅक्रिलिक वापरा, असं मी सांगते. तैलरंगांची मजा वेगळी आहे, पण एका खोलीत चार माणसं झोपत असतील तर टर्पेंटाइनचा वास आणि आठवडाभर न वाळणारं कॅनव्हास परवडत नाही. तैलरंगच हवे असतील तर खिडकी उघडी ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. असे बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच फेका. आणखी एक लक्षात ठेवा, अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चढतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक टिकत नाही.

कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, १५ बाय २२ इंच. याहून लहान कागदावर हात मोकळा होत नाही आणि याहून मोठा कागद चाळीतल्या किंवा वन-आरकेमधल्या घरात वाळत ठेवायला जागा नसते. रंग सात पुरतात: टायटेनियम व्हाइट, अल्ट्रामरीन (गडद निळा), थॅलो ब्लू (हिरवट झाकेचा तीव्र निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), गडद पिवळा आणि क्रिमझन (गडद लाल). काळा मुद्दामच घेत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो काळा होतो, तो गरजेप्रमाणे ऊबदार किंवा थंड करता येतो. ट्यूबमधला काळा सगळीकडे एकसारखाच मेलेला दिसतो. ब्रश म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानात दारं-खिडक्या रंगवायला मिळतो तो दोन इंची, शिवाय एक बारा नंबरचा चपटा आणि एक सहा नंबरचा गोल. एक पॅलेट नाइफ, मुदत संपलेलं एटीएम कार्ड आणि सुती चिंध्या.

जागा निवडताना

प्रत्येक ठिकाणची गर्दी वेगळ्या घडणीची असते. सकाळी नऊ-दहाला सीएसएमटीला उतरलेली गर्दी एकाच दिशेने वाहते. गाडीतून बाहेर, मग सबवेकडे किंवा टॅक्सीकडे. संध्याकाळी तीच उलटी फिरते. भुलेश्वरच्या गल्लीत प्रवाह हातगाडीला आपटून फुटतो आणि पुढे पुन्हा जुळतो. दिवाळीच्या आधी दादरच्या रानडे रोडवरची गर्दी वाहतच नाही. ती थबकते, कंदिलांकडे माना वर करते, भाव करते, परत थबकते. दादरच्या फुलबाजारात पहाटे दोन मजली गर्दी दिसते. खाली माणसं आणि त्यांच्या डोक्यांवर झेंडूच्या पाट्या, पोती, शेवंतीचे भारे.

पहिल्या चित्रासाठी एका दिशेने वाहणारी गर्दी घ्या. ती समजायला सोपी. थबकलेली गर्दी सर्वांत अवघड, कारण तिथे प्रत्येक जण वेगळीकडे बघत असतो. विसर्जनाची मिरवणूक मी सुरुवातीला अजिबात घेऊ देत नाही. मूर्ती चित्र पळवते आणि गुलालाखाली कच्चं रेखाटन झाकलं जातं, त्यामुळे शिकायला काहीच उरत नाही. डबेवाल्यांच्या पांढऱ्या टोप्यांबद्दलही तेच. भेटकार्डांनी त्यांचा इतका वापर केलाय की नवीन नजर आणणं कठीण झालंय.

एकच जागा, एकच वेळ धरा आणि तिथेच परत परत जा. रोज नवं ठिकाण पकडणाऱ्याच्या वहीत मुंबई दर्शन जमतं, चित्राचा ऐवज जमत नाही.

उभं राहायचं कुठे, हे आधी ठरवा. खांबाच्या मागे, बंद दुकानाच्या शटरला टेकून, टपरीच्या आडोशाला. खांब गर्दीला फोडतो आणि त्याच्या मागे हातभर शांत जागा तयार होते. जिन्यावर आणि पुलाच्या तोंडाशी कधीही थांबू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून जास्त माणसं गेली. गर्दीचा दाब हा चित्रकाराने लावलेला अलंकार नाही, ती खरी ताकद आहे. प्लॅटफॉर्मवर बसणार असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं. पोलिसाने विचारलं तर वही सरळ त्याच्या हातात द्या. बहुतेक वेळा तो स्वतःचं चित्र काढायला सांगतो. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचं जवळ जाऊन रेखाटन मात्र करू नये असं माझं मत आहे. त्याला ‘नको’ म्हणायची संधीच नसते.

वहीतलं काम

सुरुवातीचे काही दिवस माणूस काढायचा नाही. ब्रश पेनने गर्दीचा एकसंध करडा आकार भरायचा, त्याची बाहेरची कड पकडायची आणि आतल्या फटी कोऱ्या सोडायच्या. एका रेखाटनाला वीस सेकंद, जास्तीत जास्त अर्धा मिनिट. गाडी लागली, लोंढा उतरला, पान भरलं, पान उलटलं. सुरुवातीला हे काहीच दिसत नाही, करडे डाग दिसतात. हळूहळू लक्षात येतं की लोंढ्याच्या पुढच्या टोकाला फटी मोठ्या आणि उभट असतात, मधे त्या चिंचोळ्या होतात आणि दाराशी संपतात. हा क्रम कळला की अर्धं काम झालं.

नंतर जेल पेनने फक्त दिशा. प्रत्येक माणसासाठी एकच तिरकी रेघ, डोक्यापासून टेकलेल्या पावलापर्यंत. घाईत चालणारा पुढे झुकतो. जड पिशवीवाला पिशवीच्या उलट बाजूला कलतो. मोबाइलमध्ये बघत चालणाऱ्याची मान तुटल्यासारखी पुढे येते. पाठीवरची सॅक आता लोक पोटावर घेतात, त्यामुळे पुढचा फुगवटा आणि मागे ताठ पाठ असा नवाच आकार मुंबईच्या गर्दीत आलाय. जुन्या चित्रांत तो सापडणार नाही.

रंगांची नोंद शब्दांत करा. ‘ट्यूबलाइटखाली कपाळ हिरवट’, ‘ताडपत्रीखाली सगळ्यांचे खांदे निळे’, ‘फरशीत लाल साडीचा डाग, साडीपेक्षा गडद’. फोटो काढायला हरकत नाही, पण चित्र फोटोवरून करू नका. फोन सावल्या उजळून सगळ्यांना सारखाच उजेड वाटून देतो आणि फटी भरून टाकतो.

डोळ्याची रेघ

गर्दीचं चित्र फसतं ते नव्वद टक्के इथे, म्हणून जरा सावकाश समजून घ्या.

तुम्ही गर्दीच्याच पातळीवर, सपाट जमिनीवर उभे असाल तर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदावर एक आडवी रेघ मारा. जवळचा असो की शंभर फुटांवरचा, तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे त्याच रेघेवर येणार. लांबचा माणूस लहान होतो तो पायांकडून. त्याची पावलं वर सरकतात, डोकं जागेवरच राहतं. नवशिके लांबचं डोकं खाली घेतात आणि मग मागे बुटक्यांची फौज उभी राहते. एकदा रेघ मारलीत की तिच्यावर नुसती डोकी ओवत जा. मुलं रेघेच्या खाली, पाट्या आणि छत्र्या वर. फुलबाजारात या रेघेच्या वरचा पट्टाच खरा नाट्यमय असतो, कारण खालची डोकी एका ओळीत आणि वरच्या पाट्या डुचमळत्या.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसलात की रेघ खाली येते आणि उभ्या माणसांच्या कमरेच्या जरा वरून जाते. आता सगळ्यांचे पट्टे, पर्स आणि कोपरं साधारण एका ओळीत येतात. जवळच्या माणसांची डोकी कागदाच्या बाहेर जातात. जाऊ द्या. गर्दीत बसलेल्या माणसाला चेहरे दिसत नाहीत, पोटं आणि पिशव्या दिसतात. मला ही जागा सर्वांत आवडते, दाब सगळ्यात जास्त इथेच जाणवतो.

पुलावरून किंवा स्कायवॉकवरून बघताना रेघ खूप वर जाते, बऱ्याचदा कागदाच्याही बाहेर. डोकी एका ओळीत राहत नाहीत, लांबचा माणूस चित्रात वर चढतो. थेट खालचा माणूस म्हणजे काळं डोकं, त्याभोवती खांद्यांचा लंबगोल आणि पुढेमागे निघालेले दोन बूट. वरून दृश्य देखणं दिसतं पण घुसमट जाते. नकाशा हवा असेल तर पुलावर जा, घाम हवा असेल तर खाली उतरा.

डब्याच्या आत

रेल्वेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरात खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात चौदा माणसं कशी उभी राहतील याचा विचार करा. दोन पावलांमध्ये जागा नाही, खांदे एकमेकांवर चढलेले, छातीखालचं काहीच दिसत नाही. म्हणजे विरार फास्टच्या दारातलं चित्र काढताना धड काढायचा प्रश्नच उरत नाही. डोकी, मनगटं, कड्या, आणि मधे बोटभर उजेड. एवढ्यावर चित्र उभं करायचं.

आत सीटवर वेगळी मजा. तिघांच्या बाकावर चौथी सीट असते. तिच्यावर बसलेल्या बाईकडे नीट बघा. बाकावर तिची एकच मांडी टेकलेली असते, दुसरी हवेत. बाहेरचा पाय पॅसेजमध्ये तिरका रोवलेला, अख्खं वजन त्या टाचेवर. एक हात समोरच्या बाकाच्या कडेला, पर्स पोटाशी आणि गाडीने वळण घेतलं की गुडघा आणखी बाहेर. शेजारच्या तिघी सैल बसलेल्या, ही ताणलेली. एका बाकावर शांतता आणि धडपड दोन्ही मिळतात. ही बाई टिपायला पाच-सहा स्टेशनं सहज मिळतात, कारण ती हलूच शकत नाही.

लेडीज डबा ही आम्हा बायकांची मिरास आहे. पुरुष चित्रकारांना तो आतून दिसत नाही. भाजी निवडणाऱ्या बायका, क्लिपा-कानातल्यांचा जाळीदार हँगर वर धरून वाट काढणारी विक्रेती, आणि दर दोन मिनिटांनी ‘ताई, कुठे उतरणार?’, ‘वांद्रे’, ‘मग नंतर मी हां!’ हा व्यवहार. उठणारीच्या खाली सरकणारी दुसरी, हा एकच क्षण घेतला तरी चित्र होतं. दोन शरीरं एकाच जागेत आणि मधली फट क्षणभर शून्य.

छोटे आराखडे

घरी आल्यावर वहीतून एकदम मोठ्या कागदावर उडी मारू नका. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे चौकोन आखा आणि तीनच छटा वापरा: कोरा, करडा, काळा. गर्दीला एक मोठा काळा-करडा आकार द्या. मग त्याला अडवणारी एक गोष्ट शोधा, खांब, हातगाडी, टॅक्सी. तिसरं म्हणजे नजरेला टेकायला एक रिकामी जागा, कागदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. ओली फरशी, शटर, बसची लाल बाजू. ही जागा न सोडल्यास गर्दीचा घट्टपणा कळत नाही. सगळं भरलं की सगळं सपाट.

टॅक्सी घ्याल तर आजची घ्या. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर त्याच्या साधारण दीड महिना आधी. तरी चित्रांमध्ये दोन्ही अजून धावतायत. आठवणीचं चित्र म्हणून करायचं तर जरूर करा, पण आजच्या गर्दीत जुनी टॅक्सी घुसवली की चित्र लगेच कॅलेंडरचं होतं.

असे आठ-दहा आराखडे काढून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघा. तिथून जो ओळखू येतो तोच मोठा करायचा.

रंग ठरवणं

गर्दीत खरे रंग शंभर असतात. ते सगळे घेतले तर एकमेकांना मारतात. एक प्रमुख रंग ठरवा आणि तो मनातून आलेला असू द्या, डोळ्यांनी दिसलेला असायलाच हवा असं नाही. पहाटेचा फुलबाजार मला निळा वाटतो, केशरी नाही. निळ्या अंधारात झेंडू पेटतो. सगळीकडेच केशरी लावला तर झेंडू विझतो. पावसातला दादरचा पूल मी एकदा पूर्ण मातकट गुलाबी केलाय, आणि छत्र्यांचा काळा त्यात जेवढा जड झाला तेवढा करड्यात होत नव्हता.

काही मिश्रणं हाताशी ठेवा. ताडपत्रीचा निळा म्हणजे थॅलो ब्लू, पांढरा आणि किंचित पिवळा. थॅलो जपून घ्या, टाचणीच्या टोकाएवढासुद्धा सगळं मिश्रण गिळतो. झेंडूच्या सावलीत काळपट रंग घालू नका. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवा होतो आणि फूल सडकं दिसतं. तिथे बर्न्ट सिएना आणि क्रिमझन. ट्यूबलाइटमधली कांती रंगवताना सावलीत बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, उजेडात पांढऱ्या-पिवळ्यात थॅलोचा अंश, म्हणजे हिरवट झाक. दुकानात ‘स्किन’ नावाची गुलाबी ट्यूब मिळते, ती मुंबईतल्या कुणाच्याच अंगाची नाही. घेऊ नका.

रंगवायला बसल्यावर

कागद बोर्डवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा. पांढऱ्यावर सुरुवात करू नका. दोन इंची ब्रशने प्रमुख रंगाच्या विरुद्ध तापमानाचा पातळ हात मारा. चित्र निळं होणार असेल तर खाली बर्न्ट सिएना. हाच रंग नंतर फटींतून डोकावणार आहे, म्हणजे फटी तुम्ही सगळ्यात आधी रंगवल्यात.

तो वाळला की गर्दीचा मोठा आकार गडद रंगात, त्याच मोठ्या ब्रशने, एका दमात. माणसं नाहीत, एकच देह. ओला असतानाच चिंधीने फटी पुसून काढा आणि कार्डाच्या कडेने खरवडा. खालचा तांबूस उजेड बाहेर येतो. अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात पंख्याखाली पाच-दहा मिनिटांत धरतं, जुलैत बराच वेळ ओलं राहतं. त्यामुळे उन्हाळ्यात कागद तुकड्यातुकड्याने करा आणि पाण्याचा फवारा जवळ ठेवा. पावसाळ्यात पंखा बंद ठेवून मनसोक्त पुसापुशी करा. वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक थोडं गडद होतं, तेव्हा उजळ छटा आवडेल त्याहून जरा जास्तच उजळ लावा.

आता या देहातून माणसं बाहेर काढायची. लांबच्या माणसासाठी गाजर आठवा: वर रुंद, खाली निमुळतं, डोक्याचा एक ठिपका मानेशिवाय वर ठेवलेला. दोन पाय वेगळे काढायचे नाहीत, एकच टोक. डोकं लहान ठेवा. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो आणि हात नेहमी डोकं मोठं करतो. मधल्या रांगेत खांदा, कोपर, पिशवी एवढं येऊ द्या. पुढच्या रांगेत दोन किंवा तीनच माणसं पूर्ण करा. चेहरा एकाचाच, फार तर दोघांचे. तिसऱ्या चेहऱ्यापासून प्रेक्षक ओळखी काढत बसतो आणि गर्दी सुटते.

चेहऱ्यापेक्षा हातांवर वेळ घाला. मुठीत धरलेली कडी, छत्रीच्या दांड्यावरची बोटं, लहान मुलाचं पकडलेलं मनगट. गर्दीत चेहरे बधिर असतात, हात जागे असतात.

कडांचं भान ठेवा. सारख्याच गडद छटेची दोन माणसं शेजारी आली तर त्यांच्यामधली रेघ पुसून टाका, खांद्याला खांदा विरघळू द्या. रेघ हवी तिथेच, जिथे दाब सर्वांत जास्त आहे. तिथे पॅलेट नाइफने एक कडक, उजळ फट मारा. अशा कडक फटी अख्ख्या चित्रात तीन-चारच. मुंकच्या त्या उलट्या दिशेने जाणाऱ्या माणसाचा धडा इथे उपयोगी पडतो. लोंढ्यात एक जण विरुद्ध दिशेने घाला, त्याच्याभोवती फटी थोड्या जास्त ठेवा, आणि बाकीच्यांचा वेग आपोआप वाढलेला दिसेल.

वाकडं किती करायचं

मुद्दाम वाकडं केलेलं आणि चुकून झालेलं यातला फरक बघणाऱ्याला लगेच कळतो. म्हणून एकाच गोष्टीला हात घाला. चौथ्या सीटवरच्या बाईचं चित्र असेल तर तो बाहेरचा पाय लांबवा, टाच मोठी करा, बाकीचं शरीर सरळ ठेवा. पुलावरची गर्दी असेल तर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला जरुरीपेक्षा जास्त कलवा. खांब तिरका करा पण मग फरशी सरळ राहू द्या. पाय, मान, खांब, फरशी सगळंच फिरवलं तर भूकंपाचं चित्र होतं.

दुकानांच्या पाट्या हा मुंबईचा मोठा मोह. नावं लिहायला लागलात की लोक वाचायला लागतात. शिरोरेषेचा एक ठळक आडवा फटकारा आणि खाली चार-पाच उभे लोंबते ठोके एवढ्यानेच पाटी देवनागरी आहे हे कळतं. अख्खं नाव कधी लिहूच नका असं नाही, पण लिहाल ते चित्राच्या कडेला, अर्धं कापलेलं.

थांबायचं कधी

चित्राचा फोटो काढून तो फोनमध्ये कृष्णधवल करून बघा. गर्दीचा मोठा आकार एका नजरेत दिसला पाहिजे. दिसत नसेल तर बहुतेक वेळा मधल्या रांगेत उजळ ठिपके जास्त झालेले असतात, तिथे पातळ अल्ट्रामरीन-सिएनाचा हात फिरवा. मग चित्र उलटं करून बघा. उलट्या चित्रात माणसं दिसत नाहीत, फटीच दिसतात. त्या सगळ्या एकाच मापाच्या आणि सारख्या अंतरावर असतील तर चित्र कापडावरच्या छापासारखं वाटेल. काही बुजवा, एखादी मोठी करा. यापुढे बटणं, चपलांचे पट्टे, साडीचे काठ रंगवायला हात शिवशिवला की ब्रश धुवायची वेळ झाली.

वाळल्यावर

मुंबईच्या हवेत कागदाला बुरशी धरते, विशेषतः जून ते सप्टेंबर. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतला ओलावा अडकतो. अ‍ॅक्रिलिकचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात म्हणून मधे बटर पेपर घाला. चित्रं कपाटावर आडवी ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, ती भिंत पावसाळाभर ओल धरते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि उघडीप मिळाली की दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पंख्याखाली तासभर ठेवा. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

प्रदर्शनासाठी किंवा फ्रेमवाल्याकडे मोठं चित्र लोकलने न्यायचं असेल तर दुपारी बारा ते तीनमध्ये निघा. रंगवलेली बाजू आतल्या बाजूला घेऊन दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधा, वर धरायला सुतळीचा फास ठेवा आणि चढताना चित्र आधी आत सरकवा, मग तुम्ही.